टाकीत उतरण्याचा धडा

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी मी वाचायला शिकलो. वय अठ्ठावन्न. पत्रिका उलटी धरून मी ती व्याह्यांना दाखवली होती, त्याची लाज वाटली म्हणून.

प्रौढांच्या वर्गात छापील पुस्तक नव्हतं. ज्याला जे काम येतं ते त्याने सांगायचं, बाईंनी कॉम्प्युटरवर उतरवायचं, तोच धडा. धडा सगळ्यांना खुला. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा. मी चाळीस वर्षं पंप दुरुस्त केले. माझा धडा होता जमिनीखालच्या टाकीतला पंप काढण्याचा.

माझा साडू शेजारच्या बाकावर बसे. होता रंगारी, पण वाद घालायची हौस, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत.

"दादा, तुमचा धडा वाचला. एवढ्यावर मीही पंप काढीन."

"आधी पाना धरायला शीक, वकील."

"तेही लिहिलंय की तुम्ही!"

त्या दिवशी मी धडा उघडला तर एक ओळ गायब. झाकण उघडल्यावर तासभर उतरू नये, कोंडलेली हवा माणूस मारते, अशी ओळ होती ती.

"बाई, ही कुणी काढली?"

"असेल कुणी शिकलेला. शेरा लिहिलाय, नवशिक्यांना भीती वाटेल अशी वाक्यं नकोत. पण काका, पुस्तक तुमचंही आहे. बसा, घाला परत."

मी बसलो. एका बोटाने 'झाकण' लिहिलं. मग वाटलं, शिकलेला माणूस आहे, विचार करूनच काढली असेल. वर माझं अशुद्ध बघून हसेल. लिहिलेलं पुसलं. साडूला तोंडी सांगावं असं मनात आलं, पण तो वाद घालत बसेल म्हणून तेही राहिलं.

नऊ दिवसांनी, तो रंग देत होता त्या इमारतीतला पंप बंद पडला. मिस्तरी मिळेना. साडूने मोबाइलवर धडा लावला, मोठ्याने वाचत झाकण उघडलं आणि पुढच्या ओळीत लिहिलं होतं तसा लगेच आत उतरला. वर उभ्या असलेल्या वॉचमनने हे सांगितलं.

आठवड्याने मेहुणी तोच धडा उघडून बसली होती.

"भावजी, तुम्ही असेच उतरायचात?"

"नाही. तासभर थांबायचो."

"मग लिहिलं का नाहीत?"

"लिहिलं होतं."

"मग?"

मी उठून वर्गाकडे निघालो.

त्याच दुपारी मी ओळ परत घातली. तीन चुका झाल्या. संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्या मुकाट्याने दुरुस्त केल्या.

माझा साडू मंगळवारी, सहा फेब्रुवारीला, सकाळी अकराच्या सुमारास वारला. वय पन्नास.