जोडीतलं एक

तोजीखोन ओळीत उकिडवी बसली आणि सुनेने राखलेलं कपाशीचं रोप तिने मुळासकट उपटलं. सुनेने, मुनिसने, खळग्यागणिक एकाऐवजी दोन-दोन रोपं ठेवली होती. ओळभर.

सकाळी मुकादम उमूरजाक हे बघून आधी हसला होता. "मावशी, तुमच्या सुनेला एकपर्यंतसुद्धा मोजता येत नाही का?" शेतातल्या बायका खिदळल्या, मग काहीतरी आठवून एकेक गप्प झाली. जाताना तो बजावून गेला, की संध्याकाळपर्यंत विरळणी नीट झाली नाही तर हा पट्टा दुसऱ्या घराला देईन. पट्टा गेला की शरदात मिळणाऱ्या कपाशीच्या वाळल्या काड्या, पऱ्हाट्या गेल्या, आणि पऱ्हाट्यांवाचून हिवाळ्यात शेगडी कशाने पेटवायची? गेल्या थंडीत त्या अर्ध्यातच संपल्या होत्या. शेगडीजवळ एकच पाळणा मावत होता. मुनिसच्या जुळ्यांपैकी जुहराला तोजीखोनने त्यात निजवलं, फातिमाला भिंतीकडेला गोधडीत. जुहरा आता कालव्याकाठी तुतीच्या सावलीत झोपली होती. फातिमा माघातच गेली.

"तगडी तेवढी राहिली, देवाची मर्जी," असं तोजीखोनने दारी आलेल्या प्रत्येकीला सांगितलं होतं. मुनिसलाही.

मुनिस बांधावर बसून होती. खुरपं मांडीवर, हात कोरडे.

"पावसानंतर मातीवर खपली धरली होती ना," ती म्हणाली. "एकट्या कोंबाला फुटली नसती. दोघांनी मिळून डोक्याने उचलली."

"उचलली असेल. आता पाणी एकालाच पुरणार आहे."

"कुठलं ठेवायचं ते कसं कळतं, आई?"

"देठ बघायचा. जाड असतो. पानं पसरट, हिरवीगार. हात लावला की कळतंच."

"आणि दोन्ही सारखीच असली तर?"

तोजीखोन पुढच्या खळग्याकडे सरकली. तिथली दोन्ही रोपं एका उंचीची होती, देठही सारखेच. तिने बोटं ओढणीला पुसली, उगाचच.

"मग काय," ती खाली बघत म्हणाली. "एक हाताला लागतं. एक राहतं."

मुनिस तुतीखालच्या पाळण्याकडे बघत राहिली. मग ओळीत उतरली, सासूसमोर बसली आणि भराभर रोपं उपटू लागली. कुठलं ते न बघता.

जुहरा रडायला लागली. तोजीखोन सवयीने गुडघ्यावर हात टेकून उठू लागली.

"बसा तुम्ही," मुनिस म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तिला यापुढे मीच घेत जाईन."

ती गेली. पाठमोरीच राहून तिने पोरीला छातीशी धरलं.

ऊन कलत होतं. बांधावरून उमूरजाकची सायकल येताना दिसली. तोजीखोनच्या पुढ्यात ती एका उंचीची दोन रोपं अजून तशीच उभी होती. तिने एकदा याला हात लावून पाहिला, एकदा त्याला. मग डोळे मिटले आणि हात पुढे केला.