पाहुण्याच्या काखेतली गाठ

खोटं तुम्ही बोललात. नुसतं बोलला नाहीत, शिक्का मारून हातात दिलंत. जाड कागद, सोनेरी किनार, खाली तुमची सही आणि मधोमध पालीच्या जातीचं नाव: सिल्व्हर मँगो. पाली पाळणाऱ्या दोन हजार लोकांनी तुम्हाला क्लबाचं अध्यक्ष केलं ते रंगाचा न्याय तुम्ही कराल म्हणून. त्या दोन हजारांत मी एक. मंगळवारी सकाळी साडेपाच वाजता मी स्वयंपाकघरात उभी होते. तुमच्या सहीचा तो नर माझ्या तळहातावर उताणा होता आणि त्याच्या पुढच्या पायाच्या काखेत मुगाएवढी पांढरी गाठ होती.

"काय झालं गं?" सासूबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या.

"पाहुण्याला गाठ आलीय."

त्यांच्या हातातली गाळणी तशीच राहिली. पाहुणा हे नाव त्यांनीच ठेवलेलं. पार्सलातून आला म्हणून पाहुणा. आला त्या दिवशी त्यांनी अख्ख्या मखमलाबादला ऐकू जाईल असा आवाज लावला होता. "लोकं पालीला केरसुणीनं हाकलत्यात, अन् आमच्या सूनबाईनं इकत आणली! ती पण मुकी. चुकचुकत पण नाय. हिचा उपयोग काय?" माझ्या नवऱ्याने, समाधानने, त्या दिवसापासून पालीची काचेची पेटी ठेवलेल्या खोलीत झोपणं सोडलं.

मी प्रतिभा मौले. पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाउसमध्ये एकोणीस वर्षं द्राक्षांचा रंग बघते. हिरवा माल परदेशी जातो, पिवळसर झालेला अंबर बाजूला निघतो. माझ्या हाताखाली चौदा बाया आहेत. चांगला घड निवडायचा, झाकणाच्या पारदर्शक डबीत, म्हणजे पनेटमध्ये ठेवायचा आणि कंटेनर भरायचा. एकोणीस वर्षं जे जे देखणं ते निवडून दुसऱ्यांच्या देशात पाठवलं. एखादी देखणी गोष्ट माझ्या घरी राहावी, एवढीच माझी हौस.

आमच्या कोल्ड स्टोअरेजचा ऑपरेटर जीवन या पाली पाळतो. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, शेपूट गाजरासारखी जाड. भिंतीवर चढत नाहीत, आपल्या पालीला नसतात तशा पापण्या असतात आणि डोळे मिटून झोपतात. पहिली मादी मी त्याच्याकडूनच घेतली, साधी. नर मात्र तुमच्याकडचा घेतला, कारण तुम्ही म्हणालात, असा रंग आजवर झाला नाही.

पार्सल उघडलं तेव्हा जीवन शेजारी होता.

"ताई, ह्याच्यात चांदी कुठंय?"

"यायचीय अजून. वर्षभरात उतरते म्हणालेत."

"मला इचारा. अंडी गरम ठेवली की साधी पिल्लं पण अशी झगझगीत निघत्यात. हा रंग जातीचा नाय, उबेचा हाय. माझी सगळी जिंदगी टेंपरेचर लिहिण्यात चाललीय, मला नका सांगू."

मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. रंगावर पोट भरणाऱ्या बाईने रंग फोटोत बघून घेतला होता, हे मलाच ऐकायचं नव्हतं. ती चूक माझी, मान्य. पण फोटोवर मी गेले नसते. मी तुमच्या सहीवर गेले.

आता त्या मंगळवारच्या आदल्या रविवारचं. सुरतच्या एका बाईने क्लबाच्या ग्रुपवर फोटो टाकला. तिचाही सिल्व्हर मँगो. पोटावर पांढऱ्या गाठी, एक दोन नाही, ओळीने. तिने लिहिलं होतं की डॉक्टर म्हणतात, ज्याने कातडीला चांदी येते त्याच पेशी पुढे माजतात आणि गाठी होतात. पिल्लांनाही होतात. तासाभरात फोटो गेला, बाईही ग्रुपमधून गेली. तुम्ही लिहिलंत, "अफवा पसरवणाऱ्यांना या परिवारात जागा नाही." खाली चाळीस जणांनी हात जोडले. त्यात एक हात माझा होता.

गाठ दिसल्यावर मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "मॅडम, तुमच्या हाताळण्यात काहीतरी दोष असेल." आणि ठेवून दिलात.

पाहुण्याचं मला वाईट वाटतच होतं. पण जास्त भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्याची पिल्लं झाली होती. चार खेपांत आठ. द्राक्षांच्या थर्माकोलच्या खोक्यात जीवनने दिवा आणि थर्मोस्टॅट बसवून दिला होता, त्यात उबवलेली. सहा घरी होती आणि दोन मी रोशनीला दिली होती. रोशनी माझ्याच लाइनवर पॅकिंगला आहे, पेठकडची. सीझनभर पिंपळगावात खोली घेऊन एकटी राहते. दिवसभर कुणाशी बोलत नाही, त्या पिल्लांशी बोलते. मी तिला काय दिलं होतं? जनावर, की त्याचा आजार?

लाइन सुरू व्हायच्या आधी मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगून टाकलं.

तिने हातमोजे घातले, परत काढले. "मरतील का, ताई?"

"माहीत नाही."

"मंग तुम्ही दिलीच कशाला?"

ती दिवसभर माझ्याकडे न बघता पनेट भरत राहिली.

दुपारी जीवन डबा घेऊन समोर बसला. "रडू नका. तुमच्या साहेबांचं पत्रक हाय का मोबाईलमधी? वाचा बरं मोठ्यानं."

मी वाचलं. "सिल्व्हर मँगोच्या निम्म्या पिल्लांत चांदी उतरते व पहिल्या कातीपासूनच स्पष्ट दिसते."

"पहिल्या कातीपासून! अन् बापाला वर्षभर? मंग बाप काय एसटीनं निघालाय का?" तो भाकरी मोडत म्हणाला. "सोपं हाय. आठ पिल्लं हायेत, सगळ्यांनी कात टाकलेली. बाप खरा असंल तर आठात तीन-चार तरी चांदीची निघाली पाह्यजेत. एक पण नाय निघालं तर बाप साधा, अन् साध्याला हा आजार नाय. आणा उद्या सगळी."

"मी रोज बघते रे त्यांना. मला कधी यात चांदी दिसते, कधी त्यात."

"तुम्ही आई झालात त्यांची. तुमचा डोळा गेला. लाइनचा डोळा लावा."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत प्रतवारीच्या टेबलावर पांढरं प्लास्टिक अंथरलं. वर पांढऱ्या ट्यूब. शेजारी आठ पनेट, प्रत्येकात एक पिल्लू. रोशनीने तिची दोन ओढणीखाली झाकून आणली होती. बायांना मी काही सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "वेगळ्या रंगाचा माल बाजूला काढा."

"अगं बाई! पाली?" पुतळाबाई दोन पावलं मागे. "लंडनला पाठवायच्या का काय?"

"फवारणीचा रेसिड्यू चेक केला का?" मागून कोणीतरी, आणि सगळ्या हसल्या.

पण टेबल म्हटलं की या बाया वेगळ्या होतात. हसणं थांबलं. पुतळाबाईने पनेट उचललं, तिरकं केलं, उजेडाला धरलं, खाली ठेवलं. दुसरं उचललं. डबे हातोहात पुढे सरकत गेले. चौदा बायांपैकी एकीनेही एक पनेट बाजूला काढलं नाही. रोशनी शेवटी उभी होती. तिने सगळ्यांत जास्त वेळ घेतला. मग तिनेही शेवटचं पनेट परत ओळीत ठेवलं.

"पुन्हा बघा," मी म्हटलं.

"ताई, किती वेळा बघू?" पुतळाबाई वैतागली. "सगळा एकच माल हाय. पिवळा, काळे पट्टे. कोण जरा उजळ, कोण जरा मळका, पण वेगळं काय काढायचं ह्यात? साध्या पाली हायेत तुमच्या!"

साध्या. इतका गोड शब्द मी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. जीवन हसत होता. रोशनीने आपले दोन पनेट छातीशी घेतले आणि दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"म्हंजे आपल्याला फशिवलं?" ती म्हणाली.

"हो."

"बरं झालं बाई."

तरी गाठ होतीच. शनिवारी पाहुण्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टर राखीकडे गेले. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. डॉक्टरीणबाईंनी गाठीवर बोट फिरवलं, सुईने थेंबभर काढलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

"चरबी आहे. जास्त खाणाऱ्यांना काखेत असे फुगे येतात. काय देता?"

"किडे. आठवड्यातून तीन वेळा, मोजून."

"शक्यच नाही. कोणीतरी रोज चारतंय याला."

सासूबाई भिंतीवरचा गाईचा तक्ता वाचत होत्या. त्यांना वाचता येत नाही.

"आत्या?"

"दुपारचं घरात कोण नसतं," त्या तक्त्याकडेच बघत म्हणाल्या. "पेटीजवळ गेलं की काचेला नाक लावून बघत बसतो. पाहुण्याला उपाशी ठिवायचं का मंग?"

डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवून हसून घेतलं. मी हसले आणि मग रिक्षात बसल्यावर रडलेही. पाहुण्याचा डबा सासूबाईंच्या मांडीवर होता आणि खड्डा आला की त्या तो दोन्ही हातांनी वर उचलत होत्या.

आता पाहुणा तीनदाच खातो. सासूबाई दुपारी पेटीसमोर बसून त्याला "डॉक्टरीनबाईचा हुकूम हाय रे" म्हणून समजावतात. त्याच्या पेटीवरचं तुमचं प्रमाणपत्र मी काढलं आणि खोक्यांवर लिहायच्या काळ्या मार्करने तिथे लिहिलं: साधा. आठही पिल्लांच्या डब्यांवर तेच.

प्रमाणपत्र या पत्रासोबत परत पाठवतेय. पैसे मागत नाही. खोटा दिलात, म्हणून माझा जगतोय. पण सुरतच्या बाईला तुम्ही खरा दिला होता. असे खरे किती विकलेत? कोणाकोणाच्या घरी आहेत ते, आणि तुमच्यापैकी कोणी एकाच्या तरी पोटावरून बोट फिरवून बघितलंय का? ज्या बाईला हाकललंत, तिच्या पालीचं पुढे काय झालं? मला हाताळायचं शिकवू नका. एवढं सांगा.