दार लावून खाल्लेले पेढे

आप्पासाहेबांनी सरकी पेंडीची गोणी स्वयंपाकघरात आणली, आत कोपरापर्यंत हात खुपसला आणि पेढ्यांचा बॉक्स बाहेर काढला. साळूबाईंनी आधी दाराला कडी लावली, मग हसल्या.

दुपारी वकिलांचा फोन आला होता. हायकोर्टानं रामहरीची फाशी रद्द करून जन्मठेप दिली होती. मुलगा घरी येणार नव्हता, पण जगणार होता. त्या आनंदात साळूबाईंनी चहात दोनदा साखर घातली आणि तो सगळ्यांनी तसाच पिऊन टाकला.

लोकांकडे पोरं पास झाली की पेढे येतात, असं म्हणताना धाकट्या लेकीला, दिशाला, हसू फुटलं. तिनं ओढणी तोंडात धरली. पेढ्यांना पेंडीचा वास येत होता. आप्पासाहेब म्हणाले, गाईला चालतो, तुला काय होतंय. मग तिघंही आवाज न करता हसत राहिली.

पुणतांब्याच्या त्या गल्लीत पेढ्यांची पहिली वाटी समोरच्या घरी जायची. समोर विजयमाला राहायची. तिच्या मुलाचा, करणचा, खून रामहरीनंच केला होता.

कडी वाजली. साळूबाईंनी बॉक्स पदराखाली घेतला. दिशानं दार उघडलं, तर विजयमालाच.

"लपवू नका आक्का. मला बी फोन आला."

ती उंबऱ्याच्या आत येऊन बसली. खुनानंतर एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"नगरच्या कोर्टात फाशीची शिक्षा झाली तवा मी गल्लीत साखर वाटली," ती म्हणाली. "मंग झोप यीना. करनसंगं शेवटाला तुमचा रामहरीच हुता. लेकरू काय बोललं, पानी मागितलं का, दुसऱ्या कोनाला ठाव न्हाई. त्यो गेला असता, तर मी इचारलं कोनाला असतं?"

आप्पासाहेब भिंतीकडे पाहू लागले. साळूबाईंनी बॉक्स पदराखालून काढून जमिनीवर ठेवला.

"मंगळवारी जातो आमी येरवड्याला."

"मला भेटंल त्यो?"

"मी आय हाय त्याची. न्हाई कसा भेटंल?" साळूबाई तिच्याजवळ सरकल्या. "पहाटंच निघावं लागतं. भाकरी मी घेते. तू चटनी घे."