कुणाला त्रास नाही

यमुनाताईंचा मुलगा चांगला, सून चांगली, नातही गुणी. त्यामुळे घरात भांडायची सोयच नव्हती.

कराडच्या शाळेत आयुष्यभर संगीत शिकवून, नवरा गेल्यावर त्या चंडीगडला मुलाकडे आल्या त्या आपली पेटी घेऊनच. हर्षवर्धन सेक्टर सतराला बँकेत मोठ्या हुद्द्यावर. सून मेघना सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. रात्रपाळी करून आली की दिवसा झोपायची. नात अक्षराची दहावी. त्यात खालच्या मजल्यावरच्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर एकदा लिहिलं, की वरून सारखा बाजा ऐकू येतो, जी. झालं. हर्षवर्धनने पेटी महाराष्ट्र मंडळाला देऊन टाकली, गणपतीत उपयोगी पडेल म्हणून, आणि आईसाठी महागातला की-बोर्ड आणला, हेडफोनसकट.

"आता हवं तितकं वाजव, आई. कुणाला त्रास नाही."

खरंच नव्हता. ऐकायचाच त्रास उरला नाही, तिथे दुसरा कसला होणार?

यमुनाताई वाजवायला बसत. भात्याची सवय असलेला डावा हात उगाचच हवेत हलायचा. सूर कानात शिरायचे, छातीला लागायचे नाहीत. तरी भूप घेतला की नकळत गुणगुणू लागायच्या. एकदा अक्षरा जवळ येऊन अगदी गोड आवाजात म्हणाली, "आजी, आप गा रही हो. बाहर सिर्फ वही सुनाई देता है. थोडा अजीब लगता है." तेव्हापासून त्यांनी तोंडही मिटून घेतलं.

एका रविवारी की-बोर्डचा भिंतीतला प्लग सैल झाला आणि सूर मध्येच बंद पडले. बोटं आपली सवयीने चालत राहिली. हर्षवर्धन चहाचा कप घेऊन बाजूने जाता जाता त्यांच्याकडे बघून हसला. त्यांनी हेडफोन काढले तेव्हा म्हणाला, "आज काय रंगली होतीस, आई."

यमुनाताईंनी प्लग नीट बसवला, पण की-बोर्ड चालू करायचं बटण दाबलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांना रागच आला होता. रोज संध्याकाळी हेडफोन लावून बसायच्या आणि मुक्या पट्ट्यांवर बोटं फिरवायच्या. बघू तरी, कुणाच्या लक्षात येतं का. की-बोर्डचा दिवा लागलेला नाही, एवढं दिसायला संगीत कळावं लागत नाही. आई, आज काय वाजवलंस, असं एकाने विचारलं असतं तरी त्यांनी तिथल्या तिथे बटण दाबलं असतं. हिवाळा सरत आला. मेघना फोनवर माहेरी सांगत होती, "आई मस्त रमल्यात. आम्हाला पत्तासुद्धा लागत नाही."

मग हर्षवर्धनचे वरचे साहेब, चावलाजी, जेवायला आले. प्रमोशनचे दिवस होते. पनीर झालं, श्रीखंड झालं, आणि हर्षवर्धनला आईचं कौतुक सुचलं. त्याने त्यांना की-बोर्डपाशी बसवलं आणि हेडफोन साहेबांच्या कानांवर चढवले.

"सर, सुनिए. माँ रोज रियाज़ करती हैं, और घर में किसी को डिस्टर्ब भी नहीं."

बटण हाताशी होतं. यमुनाताईंनी एकदा मुलाकडे पाहिलं आणि तसंच वाजवायला घेतलं. आलाप केला, बंदिश घेतली, मान डोलावली. चावलाजी आधी जरा गोंधळले. मग त्यांनी डोळे मिटून घेतले, बोटांनी गुडघ्यावर ताल धरला आणि हेडफोन काढून म्हणाले, "वाह, माताजी. कमाल है."

हर्षवर्धन खूश झाला. म्हणाला, "मैं भी सुनूँ ज़रा." एवढ्या दिवसांत त्याने ते पहिल्यांदाच कानाला लावले.

यमुनाताईंची बोटं थांबली नाहीत. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरताना त्या पाहत राहिल्या. याच घडीची त्या वाट पाहत होत्या, आणि आता आतून भीतीही वाटत होती. हर्षवर्धनने की-बोर्डकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग साहेबांकडे पाहिलं.

"वा, आई," तो म्हणाला. "फारच सुंदर."

साहेबांना गाडीपर्यंत पोचवून तो परत आला. यमुनाताई तिथेच बसून होत्या. आता तरी हा काही बोलेल, निदान रागावेल, असं त्यांना वाटलं. तो वाकला, त्याने बटण चालू केलं, हेडफोन हलक्या हाताने त्यांच्या कानांवर बसवले आणि झोपायला निघून गेला.