हाताला लागणारं नाव

मित्रांनो, भांड्यांवर नावं घालण्यात जिची हयात गेली, ती जुनी कोरणी मी. बोटाएवढी लांब, टोकाला निमुळती आणि हातोडी खाऊन खाऊन डोक्यावर चपटी झालेली. मूळची मी कानस. पिंपरीच्या एका कारखान्यात लोखंड घासता घासता माझे दात झिजले, तेव्हा मला भंगारात काढलं. चिंचवड गावठाणातल्या लोहारानं मला भट्टीत घालून नवा जन्म दिला आणि भांडीवाल्या सोपानरावांच्या हातात ठेवलं. त्या हातात मी सुखानं नांदले.

लग्नसराई आणि दिवाळीचा बोनस हे माझे सुगीचे दिवस. भांडं उलटं करून लाकडी ठोकळ्यावर ठेवायचं आणि सोपानरावांनी टकटक सुरू करायची. ठिपक्याला ठिपका लागून अक्षर उभं राही. भांड्याला नाव हवंच. चौदा एप्रिलला विहारात, सप्ताहाला देवळात घरोघरची पातेली जातात. नाव नसलं, तर ती आपल्याच घरी परत येतील याची काय हमी? सोपानरावांचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे, असं लोक म्हणत. टोक माझं आणि कौतुक त्यांचं, पण जन्माच्या सोबतीत असल्या गोष्टी मनावर घ्यायच्या नसतात.

अशाच एका दिवाळीत संत तुकाराम नगरचे ज्ञानदेव दुकानात आले. चाकणच्या एका कंपनीत ते प्रेसवर कामाला होते. पहिली शिफ्ट सुटल्यावर बसमधून उतरून थेट आले होते आणि हातात जेवणाचा नवा कोरा डबा होता. त्यावर त्यांना बायकोचं, केसरबाईंचं नाव हवं होतं. स्वयंपाक तिचा, डबा तिचा, मी नुसता हमाल, असं हसत म्हणाले आणि समोर चहा घ्यायला गेले. पण घरच्या भांड्यावर घरधन्याचंच नाव, ही रीत सोपानरावांच्या हाडीमांसी खिळलेली. हां हां म्हणता त्यांनी सवयीनं 'ज्ञानदेव' घालून टाकलं. चूक कळल्यावर ते फार ओशाळले. ज्ञानदेवांनीच त्यांची समजूत काढली, की असू द्या, तिचं पुढच्या डब्यावर घालू. पुढचा डबा काही आला नाही. निवृत्तीपर्यंत तोच चालला.

मग माझे दिवस फिरले. सोपानरावांचा हात थरथरू लागला. त्यांच्या मुलानं, दिग्विजयनं, लेझरचं मशीन आणलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नाव तयार, आणि तेही हव्या त्या वळणाचं. मी गंजक्या खिळ्यांबरोबर एका पत्र्याच्या डब्यात जाऊन पडले आणि सोपानराव गल्ल्याशेजारच्या खुर्चीत. मी मनातून फार खट्टू होते, खोटं कशाला बोलू?

मागच्या महिन्यात नात मिनलचा हात धरून केसरबाई दुकानात आल्या. ज्ञानदेव जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि काचबिंदूनं केसरबाईंची नजर विझत चालली होती. त्यांनी पिशवीतून तोच डबा काढला आणि ज्ञानदेवांच्या नावाशेजारी आपलं नाव घालून मागितलं. दिग्विजयनं लेझरनं नाव घातलेला एक पेला त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि पेला परत ठेवला.

"ह्ये हाताला लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "मला दिसतंय कुठं आता? ह्यांचं नाव मी बोटानं बघते. माझं बी तसंच पायजे."

दिग्विजय स्वभावानं चांगला, पण मशीनचा त्याला भारी अभिमान. तो म्हणाला, आजी, हे खरं लिहिणं, ते जुनं म्हणजे नुसते ओरखडे. त्यावर मिनल हसली. ती कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिनं सांगितलं, की इंग्रजीतलं 'राइट' हे क्रियापद हजार वर्षांपूर्वी 'व्रीतन' होतं आणि त्याचा मूळ अर्थच ओरखडणं, कोरणं असा होता. शाई-कागद नंतर आले. त्याआधी ती माणसं लाकडावर, हाडावर, दगडावर धारेनं खुणा करत. शेजारच्या भाषांनी पुढे लिहिण्यासाठी लॅटिनचा शब्द उसना घेतला, इंग्रजीनं मात्र आपला ओरखडाच जपला. आणि आपल्या 'लिहिणं'चं मूळही, ती म्हणाली, संस्कृतात ओरखडण्याशीच जाऊन पोचतं.

मित्रांनो, पत्र्याच्या डब्यात पडल्या पडल्या माझा ऊर भरून आला. मी स्वतःला भंगार समजत होते, आणि लिहिण्याचं सगळं घराणं माझंच निघालं!

 सोपानराव मात्र आपल्या हाताकडे बघत होते. ज्ञानदेवांचं नाव अगदी लगत होतं. हात चळला, तर तेही बिघडणार, आणि एकदा पडलेला घाव पुसता येत नाही. केसरबाईंजवळ नवऱ्याचं असं हाताला लागणारं दुसरं काहीच उरलं नव्हतं. सोपानराव नको म्हणाले.

"वाकडं झालं तरी चालंल, सोपानभाऊ," केसरबाई म्हणाल्या. "त्यांनी सांगितलेलं काम हाय. राहिलंय नुसतं."

सोपानरावांनी मला खिळ्यांतून शोधून काढलं. धोतराच्या सोग्यानं माझा गंज पुसला. दिग्विजयनं न सांगता डबा ठोकळ्यावर घट्ट धरला. सोपानरावांचा हात थरथरत होता, मीही थरथरत होते. 'के'ची मात्रा तिरकी गेली, 'स' थोडा खाली घसरला. पण ज्ञानदेवांच्या नावाला आम्ही धक्का लागू दिला नाही.

केसरबाईंनी डबा मांडीवर घेतला. बोट आधी ओळखीच्या नावावरून फिरलं, मग पुढे सरकलं आणि तिथंच थांबलं. शाळेचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आपलं नाव कसं असतं, ते त्यांच्या बोटाला पहिल्यांदाच लागत होतं.

"ही मी का?" त्यांनी हळूच विचारलं.

 मिनल नुसती हो म्हणाली.

आता दिग्विजयनं मला तेल लावून लेझरच्या मशीनशेजारी ठेवलं आहे. मित्रांनो, माझं एवढंच ऐका. घरातलं पोचे आलेलं भांडं मोडीत घालण्याआधी एकदा उलटं करा आणि डोळे मिटून त्यावरून बोट फिरवा. तुमचं कुणीतरी तिथं हाताला लागेल.