ढगाळ दिवसांचं मौन

नेत्रानंद महाराजांचा दरबार असला की कसबा बावड्याच्या त्या वळणावर गाड्या लावायला जागा मिळत नसे. उसाच्या रानात पत्र्याचा मंडप, मंडपात हजारभर माणसं, आणि पुढं उंच चौरंगावर डोळे मिटून, तळहात आभाळाकडं करून बसलेले महाराज. दारात सेवक नारळ घ्यायचा आणि नारळाबरोबर रानाचा गट नंबर विचारून घ्यायचा. मग तासभर भजन. मग एकेकाला हाक.

"गुंडू, पुढे ये बाळ. गगनातून पाहतोय मी. तुझ्या रानाची पूर्वेकडची पट्टी तहानली आहे."

गुंडूनं थेट लोटांगणच घातलं. "व्हय महाराज! तिकडचीच मोटर जळलीया. म्या घरात बी सांगितलं न्हवतं!"

मंडपात जयजयकार झाला. महाराजांनी गुंडूचं रान आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चमत्काराला आणखी काय लागतं? सर्वज्ञ माणसाला गट नंबर कशाला लागतो, असं विचारायला मात्र त्या गर्दीत कुणाला सवड नव्हती.

प्रियदर्शनीच्या मनात तो प्रश्न आला होता. पण ती नवी सून, डोक्यावर पदर, शेजारी सासूबाई रत्नाबाई. तेवढ्यात तिच्या सासऱ्यांचं, नेमगोंडांचं नाव पुकारलं गेलं.

"वायव्य कोपरा पांढरा पडलाय, नेमगोंडा. भूमी रुसली आहे."

नेमगोंडांचे हात आपोआप जोडले गेले. हा माणूस रोज सकाळी जैन बस्तीत देवदर्शन करून मगच रानात जाणारा, कुणाच्या नादी न लागणारा. पण चार एकरांतला तो कोपरा तीन वर्षं झाली, उगवतच नव्हता, आणि हे त्यांनी लाजेनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"खरं हाय, महाराज."

"यंदा घरात नवं कोण आलं?"

आता वर्षभरात घरात काहीच नवं येत नाही असं घर दाखवा. सून नाही तर म्हैस येते, म्हैस नाही तर फ्रिज येतो. पण महाराजांचं नशीब थोर. नेमगोंडा म्हणाले, "सून आली की, महाराज."

"तिची सावली पडली आहे. कोपरा हिरवा होईपर्यंत तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडू देऊ नका. आणि घरातल्या पुरुषानं त्या कोपऱ्याकडे फिरकू नये. तिथं आता माझी दृष्टी आहे. हिरवा झाला नाही, तर तिला माहेरी पोहोचवा आणि पुन्हा आणू नका."

वडगावजवळच्या आपल्या गावी परतताना गाडीत नवरा, अभिनंदन, खिडकीबाहेर बघत राहिला. घरी आल्यावर प्रियदर्शनीनं त्याला माडीवर गाठलं.

"तुम्हाला पटतंय हे?"

"पटत न्हाय. पर आण्णांचं मन मोडायचं कसं? थोडे दिवस काढ की."

राजारामपुरीतल्या क्लासमध्ये ती भूगोल शिकवायची. ते सुटलं. मोबाइल सासऱ्यांच्या कपाटात गेला. दिवसभर स्वयंपाकघर आणि माडी, माडी आणि स्वयंपाकघर. माडीच्या खिडकीतून शेजाऱ्याचा पत्रा आणि त्यावर हातभर आभाळ दिसे. शेजारची आक्का पीठ मागायला आली तरी उंबऱ्यापलीकडं उभी राहून बोले, आत येत नसे. चिडून, रडून, भांडून झालं. मग तिच्या लक्षात आलं की आपण रोज त्या कोपऱ्याचाच विचार करतोय, आपणही महाराजांच्या दावणीला बांधले गेलोय. याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

जून उजाडला आणि महाराजांनी मौन धरलं. चातुर्मास आधीच धरला, म्हणून भक्त गहिवरले. कोपऱ्याचा आणि प्रियदर्शनीचा निकालही लांबला. ऑगस्टात एकदा पाऊस थांबला, दोन दिवस लख्ख ऊन पडलं, आणि आक्का दारातून ओरडून गेली, "अगं रत्ने, म्हाराजांनी मौन सोडलं की! बारा-पंधरा जणांची रानं सांगितली!" लगेच आभाळ भरून आलं. महाराज पुन्हा मौनात.

प्रियदर्शनी पोळी लाटता लाटता थांबली, सासूकडं वळली.

"आत्ती, जानेवारीत पण एकदा महाराज गप्प बसले होते ना? लोक हात हलवत परत आले होते?"

"व्हय. अवकाळी आभाळ आलंतं बघ तवा. द्राक्षवाल्यांची वाट लागलेली."

"म्हणजे ढग आले की महाराजांना दिसत नाही."

रत्नाबाईंनी तव्यावरची पोळी उलटली. "देवाला ढगाचं काय?"

"देवाला नाही, आत्ती. उपग्रहाला."

मग तिनं सासूला चुलीपुढं बसून सांगितलं. कॉलेजात असताना तिनं महापुराचं पाणी कोणकोणत्या रानांत शिरलं होतं ते उपग्रहाच्या चित्रांवरून काढलं होतं. तिची एक मैत्रीण त्याच चित्रांतून घाटातलं जंगल किती तुटलं ते बघायची, आणि डॉक्टरकीकडं वळलेला एक मुलगा साचलेल्या डबक्यांवरून डेंग्यूचा अंदाज बांधायचा. आपली आणि परदेशातली अवकाश संस्था असली कितीतरी चित्रं फुकट देतात. शेतीवाले, भूजलवाले, समुद्रवाले, ज्याला जे शोधायचं त्यानं ते शोधावं. निरोगी पान आपल्या डोळ्याला न दिसणारा एक उजेड भरपूर परत फेकतं, सुकलेलं पान कमी. चार-पाच दिवसांनी उपग्रह वरून जातो आणि तो उजेड मोजतो. गट नंबर दिला की रानाची हद्द सरकारी नकाशात सापडते. पुढचं काम कॉम्प्युटरचं.

"ढगातून बघणारे उपग्रहही असतात, आत्ती. पण त्यांची चित्रं वाचायला जास्त शिकावं लागतं. महाराजांनी तेवढे कष्ट घेतलेले दिसत नाहीत."

रत्नाबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, "मग त्याला वरनं ऊस दिसतोय का हिरवं दिसतंय?"

"हिरवं दिसतं. कशाचं, ते जवळ जाऊन बघितल्याशिवाय त्याला कळायचं नाही."

"आणि बंदी पुरुषास्नी हाय," रत्नाबाई म्हणाल्या. "बाईला कुणी इचारतंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी वैरणीला जाताना त्यांनी बुट्टीत धैंच्याचं, म्हणजे हिरवळीच्या खताचं, बी नेलं. खारवट जमिनीत दुसरं काही तग धरत नाही, धैंचा धरतो, आणि गाडला की जमीनही सुधारते. हे त्यांना कुठल्या उपग्रहानं सांगितलं नव्हतं, त्यांच्या माहेरी नदीकाठी असंच करत. भोवती माणूस बुडेल एवढा ऊस. आत काय उगवतंय ते बांधावरून दिसायची सोय नव्हती. आणि ज्या नेमगोंडांनी चाळीस वर्षांत एक दिवस बांध चुकवला नव्हता, ते आता त्या बाजूला मान वळवूनसुद्धा बघत नव्हते. महाराज बघत होते ना.

नवरात्रात आभाळ उघडलं आणि दरबार भरला. प्रियदर्शनीला निकालासाठी बाहेर काढलं. चार महिन्यांनी उंबरा ओलांडताना तिनं आधी सासऱ्यांकडं बघितलं, आणि आपण परवानगी मागतोय याचाच तिला संताप आला.

महाराजांनी डोळे मिटले. सेवक तीर्थाचा तांब्या ठेवायला वाकला आणि कानाशी लागला.

"नेमगोंडा! भूमी प्रसन्न झाली. वायव्य कोपऱ्यात ऊस डौलानं उभा आहे. मला त्याचं पान न् पान दिसतंय. सुनेचं पाप फिटलं. ती मुक्त आहे."

जयजयकारानं पत्रा थरथरला. नेमगोंडा रडत होते. अभिनंदननं सुटकेचा श्वास टाकला. रत्नाबाईंनी सुनेचा हात दाबला. "सुटलीस बाय. चल घरला."

प्रियदर्शनी उभीच राहिली. दार उघडं होतं. गप्प बसून निघून गेलं की क्लास, मोबाइल, रस्ता, सगळं परत. फक्त जन्मभर पाप फिटलेली सून म्हणून राहायचं, आणि पुढल्या वर्षी दुसरा कोपरा पांढरा पडला की पुन्हा माडी. तिला ती सुटकाच कोंडमाऱ्यासारखी वाटली.

चौरंगावरून पुढची हाक आली, "हंबीरराव!" एक धिप्पाड गृहस्थ पुढं झाले. त्यांच्यामागं एक मुलगी, हातात नवा हिरवा चुडा, नजर जमिनीत.

"हंबीरराव, यंदा घरात नवं कोण आलं?"

"थांबा," प्रियदर्शनी म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, "थांबा. महाराज, आमच्या कोपऱ्यात ऊस आहे, हे नक्की?"

"माझ्या दृष्टीवर शंका?"

"उसाला पिवळी फुलं येतात का?"

महाराजांनी डोळे उघडले. शेतकऱ्यांच्या गर्दीत असल्या प्रश्नाचं उत्तर चुकणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी सेवकाकडं पाहिलं.

रत्नाबाई पुढं आल्या. "तिथं ऊस न्हाय. धैंचा हाय. म्याच पेरलाय, ह्या हातानं. पान न् पान दिसलं म्हणता, मग फुलं का दिसली न्हाईत तुमास्नी?"

"आई, काय बोलतीस?" अभिनंदन पुटपुटला.

"तू गप. चार म्हैने गप बसलास, आता बी बस."

प्रियदर्शनीनं सगळं सांगितलं. ढग, गट नंबर, उपग्रह. महाराज म्हणाले, ही बाई नास्तिक आहे. सेवक तिच्याकडं सरकले. पण हंबीरराव मध्ये उभे राहिले.

"लई सोपं हाय. माझं आणखी एक रान हाय, त्याचा गट नंबर म्या दिलेला न्हाय. सांगा महाराज, त्यात काय उभं हाय? सांगितलंत तर ही बाई खोटी, आणि म्या तुमचा दास."

महाराजांनी तळहात वर केले, डोळे मिटले. मग ते मौनात गेले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. मंडपामागच्या खोलीतून सेवक लॅपटॉप काखेत मारून उसात शिरताना गुंडूनं पाहिला, आणि त्याच्या मागं पळत सुटला.

नेमगोंडा मात्र हसले नाहीत. निकाल चांगला लागला तर द्यायचा म्हणून कपाटातून आणलेला सुनेचा मोबाइल त्यांनी खिशातून काढून तिच्या हातात दिला. "दाव मला. त्येला दिसतंय ते मलाबी दिसू दे."

तिनं त्यांच्या रानाची चित्रं काढली, वर्षामागून वर्ष. पांढरा डाग सखल बाजूनं सुरू होऊन दरवर्षी वर सरकलेला होता. नेमगोंडांनी त्यावर बोट ठेवलं आणि बोट तसंच राहिलं.

"हितं चर हुता," ते हळू म्हणाले. "पाणी निघून जायचं. चार सऱ्या जास्त निघत्यात म्हणून म्याच बुजवला. पाणी मुरलं, मीठ वर आलं." त्यांनी सुनेकडं पाहिलं. "आणि कोंडलं तुला."

तिला त्यांना माफ करावंसं वाटलं नाही, आणि माफ केलं असं ती म्हणालीही नाही. ती गर्दीकडं वळली.

"ही चित्रं तुमची आहेत. सगळ्यांची आहेत, फुकट आहेत. शिकायला या, मी शिकवते. रानात काय झालं ते उपग्रह दाखवेल. का झालं ते रानात जाऊन, माती हातात घेऊन आपणच शोधायचं. ते शोधायचा कंटाळा केला, की कुणीतरी तुमच्या घरातल्या बाईकडं बोट दाखवतो."

हिरव्या चुड्याच्या मुलीनं पहिल्यांदा मान वर केली. हंबीररावांनी तिला विचारलं, "पोरी, तुला मोबाइलमधलं ह्ये बघता येतं का?"

"येईल शिकले की," ती म्हणाली.

प्रियदर्शनी मंडपातून बाहेर पडली. अभिनंदननं गाडीचं दार उघडलं. ती त्याच्यासमोरून पुढं गेली आणि राजारामपुरीकडं जाणाऱ्या बसला हात केला.