बेल्ह्यातली जागा

बैल बघितल्याबिगर झूल शिवायची न्हाई, हा आमच्या घरचा कायदा. मी केलेला न्हाई, आमच्या मालकांनी केलेला. आख्खा बेल्ह्याचा बैलबाजार त्यास्नी निजामभाई म्हणतो. सोमवारी गेणभाऊच्या दोरखंडाच्या दुकानाशेजारी त्यांची जागा. गिऱ्हाईक आलं की आधी बैल पुढं घ्या म्हणायचे. त्याच्या भवती फिरायचे, पाठीवर हात ठेवायचे, नाव इचारायचे, आपल्याच हातानं माप घ्यायचे, आन् मग झुलीचा रंग सांगायचे. तयार झूल टांगून कधी इकली न्हाई. मी म्हणायची, "अवो, लग्नाच्या वक्ताला मला तरी एवढं बघितलं व्हतं का?" तर म्हणायचे, "तवा अब्बांनी बघितली व्हती, म्हणून तर फसलो." असला माणूस!

गेल्या थंडीत ओझरच्या अलीकडं त्यांची मोटारसायकल घसरली. मांडीत सळई घातली. डॉक्टर म्हणला, आता दिवसभर बाजारात बसणं इसरा. तवापास्नं माणूस गप झाला. शिलाई मशीनवर फडकं टाकलं आन् भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हायला. इतकी वर्सं त्यांची बडबड ऐकून माझं कान किटलं व्हतं, पर ती बंद झाली तर घर खायला उठलं. एक दिवस म्हणाले, "जन्नत, मशीन इकून टाकू. बैलच दिसंना, तर शिवू कुणाला?" नारायणगावचा एक जण पोळ्याच्या आधीच्या सोमवारी टेंपो घिऊन येणार, असं ठरलं बी. मला वाटलं, मशीनसंगं ह्यो माणूस बी चालला.

आमची सून यास्मिन मंचरची. तिला हे काय पटंना. तिनं पेटीतल्या जुन्या झुली काढल्या, अंगणात दोरीवर टाकल्या आन् फोटू काढत बसली. मग म्हणली, "अम्मी, मी व्हाट्सअपवर आपलं दुकान उघडलं." त्यात झुलीचे फोटू, आमचा पत्ता, पैशे धाडायचा तो काळा-पांढरा चौकोन. मी म्हणलं, "अगं बाई, हितं तव्यावर भाकरी करपली आन् तू दुकान उघडलंस व्हय? मी दारात जाऊन बघितलं, मला तर कुठं दिसलं न्हाई." ती नुसती हसली.

पयलं गिऱ्हाईक आलं ते राजुरीचे हौशीराम. जुने, घरोब्यातले. आता यास्मिननं अशी सोय केलेली, की कुणी काय बी लिवलं की फोन आपसूक उत्तर धाडतो. हौशीरामांना वाटलं, निजामभाईच बोलत्यात. त्यांनी लिवलं, 'पाय कसा हाय?' फोन म्हणला, 'आम्ही सध्या कामात आहोत, लवकरच कळवू.' त्यांनी लिवलं, 'चहापाणी झालं का?' परत तेच, 'आम्ही सध्या कामात आहोत.' मग तडकून फोनच लावला. "काय वो भाबी, निजामभाई लई मोठं झालं का? चहा झाला का न्हाई हे बी लवकरच कळिवणार?" मी पोट धरून हसले. भिंतीकडं तोंड केलेल्या माणसाचा खांदा बी जरा हालला. ते बघून मला इतकं बरं वाटलं, काय सांगू!

हौशीरामांना पाखऱ्यासाठी झूल पायजे व्हती, भादवी पोळ्याला. मालकांनी साफ सांगितलं, बैल बघितला न्हाई, मी शिवणार न्हाई. मग यास्मिननं माप मागवलं. साडेतीन हात लांब, तीन हात रुंद, असं हौशीरामांनी कळिवलं. मालकांनी पडल्यापडल्याच हात लांब केला, आमी त्याच्यावर कापड मोजलं, आन् सासू-सुनेनं मिळून झूल शिवली. गोंडे लावले, आरसे लावले, यष्टीनं धाडून दिली. आमी दोघी लई खूश.

दुसऱ्या दिवशी हौशीरामांचा फोन. "भाबी, ही झूल हाय का टावेल? पाखऱ्याचं निम्मं अंग उघडं पडलंय!"

यास्मिनचं तोंड एवढंसं झालं. पर मालक ताडकन उठून बसले. फोन घेतला. "हौशीराम, माप कुणाच्या हाताचं दिलं रं?"

"कुणाच्या म्हंजे? माझ्या."

"अरं तू ताडमाड गडी! तुझा एक हात म्हंजे माझा सव्वा हात!"

बाजारात कायम ह्यांनीच आपल्या हातानं मोजलेलं. म्हणून हात दोघांचे दोन असत्यात, हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. शहाण्यांचा बाजार सगळा!

यास्मिननं हळूच इचारलं, "अब्बा, बैलच बघता का? व्हिडिओवर दिसंल." ते काय बोलायच्या आत तिनं फोन त्यांच्या पुढ्यात धरला. गोठा दिसला, हौशीराम दिसले, आन् मग पाखऱ्यानं आपलं भलं मोठं नाकच फोनला लावलं. मालक हसले. खरंच हसले वो.

"फिरव त्याला. उजव्या अंगानं घे. पाठीवर हात फिरव. थांब, थांब! खांदा चोरतोय तो."

"व्हय, जू लागलंय जरा."

"मग तिथं आतनं मऊ अस्तर लावतो. आन् त्याला हिरवी शोभंल."

यास्मिननं हौशीरामांच्या सुनंला शिलाईची टेप आणायला लावली, कुठनं कुठवर धरायची ते दाखवलं. मालकांनी मशीनवरचं फडकं काढलं. पर काढताना म्हणाले, "ही शेवटची, जन्नत. त्या टेंपोवाल्याला शब्द दिलाय." मी पेटीतनं हिरवा दोरा काढून दिला.

झूल राजुरीला गेली. सोमवार उजाडला, टेंपो दारात आला. त्यो माणूस मशीनला हात घालणार, तेवढ्यात फोन वाजला. गेणभाऊ! यास्मिननं फोन उभा धरला. मागं बेल्ह्याचा बाजार, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, नुसता कालवा.

"निजामभाई, ही बघा तुमची जागा," गेणभाऊ म्हणले. आमचं जुनं गोणपाट तिथं हाथरलेलं व्हतं. "कुणाला बसू दिलं न्हाई मी. कुणी इचारलं, जागा कुणाची, तर सांगायचो, माणूस चहा प्यायला गेलाय."

गोणपाटाशेजारी पाखऱ्या हिरवी झूल घालून नवऱ्या मुलासारखा उभा. हौशीरामांनी यास्मिनचा तो चौकोन छापून आणून खांबाला बांधलेला. आन् त्याच्या मागं माणसं, आपापले बैल धरून.

"ह्यांना झुली पायजेत. पर म्हणत्यात, निजामभाईंनी आधी बैल बघितला पायजे. मी फोन धरून बसतो हितं. काय करू?"

मालकांच्या डोळ्याला धार लागली. पुसली बी न्हाई. टेंपोवाल्यानं इचारलं, "भाई, मशीन उचलू का?"

"माफ करा पावणं. येरझार पडली तुमाला, चहा घिऊन जा," मालक म्हणले. "मशीन कामात हाय." आन् फोनकडं वळून वरडले, "गेणभाऊ, पयला बैल पुढं घ्या! नाव काय त्याचं?"

मी चुलीपाशी गेले. यास्मिन मागनं कप घिऊन आली. तिच्या दोन्ही गालांवरनं हात फिरवून मी कानशिलावर बोटं मोडली. म्हणलं, "पोरी, तुझं लई उपकार झालं गं. दिसलं मला तुझं दुकान."